देवणीच्या बाईंचा ऑक्टोपस

औशाजवळच्या एका शिवारात मी बांधावर उभा होतो, तेव्हा सुनंदाचा फोन आला. मी मोजणीदार आहे. म्हणजे भांडणाऱ्या दोघांच्या मधोमध उभं राहून बांध कुणाच्या रानात किती सरकलाय ते सांगायचं आणि मग दोघांच्याही शिव्या खायच्या, हे माझं सरकारी काम. त्या दिवशीचे दोघं सख्खे भाऊ होते आणि सहा वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते. सुनंदा ही माझी धाकटी बहीण. नांदेडला शाळेत शिकवते आणि आमच्या विमलआत्याबरोबर राहायची. एरवी फोनवर ती आधी जेवणाखाण्याचं विचारते. त्या दिवशी थेट म्हणाली, "दादा, आत्या गेली..." सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, खिडकीजवळच्या खुर्चीत जरा टेकली आणि उठलीच नाही. मी होतो तिथंच मातीत बसलो. त्या दोन भावांपैकी एकानं पाण्याचा तांब्या आणला, दुसऱ्यानं मला धरलं आणि दोघांनी एकदमच विचारलं, "कोण हुतं, साहेब?" मी म्हणालो, "आत्या." आणि मग का कोण जाणे, पुढं म्हणालो, "तिला ऑक्टोपस लई आवडायचा." दोघं भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. सहा वर्षांत पहिल्यांदाच बघितलं असावं.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. त्या भावांना मी जे एका वाक्यात सांगून बसलो, ते नीट सांगावं म्हणून हे लिहायला घेतलंय. नीट सांगणं मला जमतंच असं नाही. आमच्या घरात लग्नाबारशाला गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं असतं, आणि गोष्ट रंगवताना मी एखाददुसरा बांध इकडचा तिकडं करतो, असं आत्याच म्हणायची. इथं नाही करणार.

ऑक्टोपस तिच्या आयुष्यात आला तो नांदेडच्या शाळेत, बरणीतून. माझे आजोबा गिरणीत कामाला होते. घरातली शाळेत जाणारी पहिली मुलगी म्हणजे विमलआत्या. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत, औषधी पाण्यात बुडवलेला एक ऑक्टोपस होता. आत्याच्या भाषेत, मुरलेल्या कैरीसारखा पांढराफटक. सरांनी तो वर्गात फिरवला आणि सगळ्यांना त्याचं वर्णन लिहायला सांगितलं. सगळ्यांनी लिहिलं, आठ हात. आत्यानं बरणी गोल गोल फिरवून मोजले आणि लिहिलं, सात. सर म्हणाले, "विमल, पुस्तकात आठ दिलेत. आठ लिही." ती म्हणाली, "सर, पुस्तकातल्याला आठ असतील. ह्याला सातच हायत." तिला त्या प्रश्नाला शून्य मिळालं. पुढं कितीतरी वर्षांनी तिनं कुठंसं वाचलं, की ऑक्टोपसचा हात तुटला तर तो परत उगवतो. मग तिच्या लक्षात आलं, की बरणीतल्याचा आठवा हात यायचा राहिला असणार. ही गोष्ट सांगताना तिला शून्याचं काहीच वाटायचं नाही. वाईट वाटायचं ते त्या हाताचं. "अजून महिनाभर जगता तर आला असता रे..." असं म्हणायची, जणू जवळच्याच कुणाबद्दल बोलतेय.

ती शिक्षिका झाली आणि नेमणूक मिळाली देवणीला. देवणी हे गाईबैलांचं गाव. तिथल्या जनावरांचं नाव लांबलांबपर्यंत आहे, माणसं एकमेकांच्या तब्येतीच्या आधी एकमेकांच्या गाईंची तब्येत विचारतात. समुद्र तिथून इतका लांब, की मिठाच्या पुडीशिवाय त्याचा संबंध येत नाही. अशा गावात माझ्या आत्यानं अख्ख्या दोन पिढ्यांना ऑक्टोपस शिकवला. माझ्या वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून पाचवी ते सातवी मी आत्याकडंच होतो. त्यामुळं पुढचं मी ऐकीव सांगत नाही, अंगावर झालेलं सांगतो.

तिची एक जुनी चादर होती, आठ भोकं पाडलेली. मधल्या पाटावर एक पोरगं बसायचं, ते डोकं. चादरीखाली आठजण, प्रत्येकाचा एकेक हात भोकातून बाहेर. बाहेर कुठं चिंचा, कुठं खडे, कुठं आवळे, कुठं खिळे ठेवलेले. डोक्यानं फक्त एवढंच म्हणायचं, "भूक लागली." पुढचं सगळं हातांनी आपापलं चाचपून ठरवायचं. "त्याच्या हातालाच चव कळती," आत्या सांगायची, "आणि हाताला स्वतःचं डोकं असतं. मधलं डोकं नुसतं हुकूम सोडतं, कसं करायचं ते हात बघतो. आमच्या मुख्याध्यापकांसारखं." मला तिनं डोकं कधीच केलं नाही. मी कायम सहावा हात. एकदा असा पाठ चालू असतानाच तपासणीला साहेब आले. कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही चादरीखाली आंधळे. डोकं म्हणालं, "भूक लागली." माझ्या हाताला काहीतरी गुळगुळीत, गोल लागलं. आवळा असणार म्हणून मी जोरात ओढलं. तो साहेबांच्या बुटाचा पुढचा भाग होता. आत साहेब होतेच.

साहेब सावरून खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, अभ्यासक्रमात ऑक्टोपस कुठंय?"

"अभ्यासक्रमात समुद्र हाय ना, साहेब?"

"आहे."

"मग मोकळाच ठेवू का?"

साहेबांनी शेरा काय लिहिला ते मला माहीत नाही. पण जाताना त्यांनी हळूच विचारलं, की त्याला तीन हृदयं असतात म्हणतात ते खरं का. आत्या म्हणाली, "खरं. आणि रक्त निळं." 

गावाला हे सगळं अर्थातच थट्टेचं होतं. शाळेला लागून गुंडेरावांचा गोठा होता. गुंडेराव म्हणजे देवणी वळूचा शौकीन माणूस, मिशा वळूच्या शिंगांशी स्पर्धा करणाऱ्या. ते कुंपणावरून पाठ ऐकत असायचे. एकदा त्यांनी हाक मारली, "बाई, तुमचा त्यो आठ हाताचा... दूध किती देतो म्हणायचा?"

"देत न्हाई."

"औताला चालतो?"

"न्हाई."

"मग उगंच कशाला एवढं लाड करून राहिला हो तुम्ही त्याचं?"

पोरं खिदळली. आत्या कुंपणापाशी गेली आणि तिनं त्यांना मादीचं सांगितलं. ती कपारीत अंडी घालती, द्राक्षाच्या घडासारखी वरून टांगती, आणि मग तिथून हालत नाही. रात्रंदिवस त्यांच्यावर पाणी फुंकत राहती, घाण बसू देत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. काही खात नाही. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त. अंडी फुटून पिल्लं सुटली की मरती. पिल्लांनी आई कधी बघितलेलीच नसती... गुंडेराव गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच कुंपणाशी उभे. "बाई, रातभर डोक्यात तेच हाय. समदी अंडी फुटत्यात का हो?" त्या दिवसापासून ते तिचे वयानं सगळ्यांत मोठे विद्यार्थी झाले. जनावराच्या बाजूनं आत्याला त्यांनीच एक गोष्ट दिली. ऑक्टोपसच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, हे आम्हाला काही केल्या समजत नव्हतं. गुंडेरावांनी कुंपणावरून आपली शेळी वर उचलून धरली. "हे बघा रे. असली." मग समजलं.

इतकं सगळं असून आत्यानं जिवंत ऑक्टोपस कधी बघितलेला नव्हता. समुद्रच बघितलेला नव्हता. घरात बरणीचं झाकण अडकलं की म्हणायची, "तो असता तर आतून उघडून बाहेर आला असता." कणा नाही, हाड नाही, टणक अशी एक चोच तेवढी, आणि त्या चोचीएवढ्या भोकातून सगळं अंग बाहेर काढतो. दगडावर बसला तर दगड होतो, वाळूवर बसला तर वाळू. आणि हे सगळं दीड-दोन वर्षांच्या आयुष्यात, कुणी न शिकवता. "आपण साठ वर्षं शिकतो, तरी बदली झाली की रडतो," असं ती निवृत्तीच्या भाषणात म्हणाली होती. त्याच भाषणानंतर मी सगळ्यांसमोर छाती पुढं काढून जाहीर केलं, की आत्याला मी कोकणात नेणार आणि ऑक्टोपस दाखवणार. टाळ्या झाल्या. मग एका वर्षी मोजण्यांचा ढीग होता, एका वर्षी मुलीची दहावी, एका वर्षी घराला रंग. मी दर मे महिन्यात 'पुढच्या मे महिन्यात' म्हणायचो, आणि ती "हाव, पुढच्या," म्हणायची. अशी बारा वर्षं गेली. तिचे गुडघे गेले, तेव्हा मी जागा झालो.

तीन वर्षांपूर्वी थंडीत आम्ही दोघं मालवणच्या बाजूला गेलो. तिथल्या एका मासळीवालीनं सांगितलं, "असतत हो, खडपात. पण दिसूचे नाय." खडप म्हणजे खडक. ओहोटीला ते उघडे पडतात, मधल्या खळग्यांत पाणी राहतं. मी प्लास्टिकचं स्टूल घेतलं आणि आत्याला अशाच एका खळग्याशी बसवलं. समुद्राकडं तिनं एकदाच बघितलं, "मोठा हाय," म्हणाली आणि वाकून खळग्यात बघायला लागली. तास गेला. दुसरा गेला. मी तीन नारळ प्यायलो, चप्पल वाहून जाताना पकडली, एका खेकड्याशी भांडलो. तिनं मान वर केली नाही. मी म्हणालो, "आत्या, इथं काही न्हाई." ती म्हणाली, "घाई केली की तो जातो, आणि आपण न्हाई म्हणतो."

मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. "हालू नको. बघून राहिला आपल्याला."

"कुठंय?"

तिनं बोट केलं. मी बघितलं. दगड होता. वर शेवाळ, बाजूला दोन शिंपले. मी डोळे बारीक केले, मोठे केले, वाकलो. दगडच होता. आता, माझी नजर म्हणजे माझ्या कामाची भाकरी. बांध चार बोटं हालला तरी मला यंत्राच्या आधी कळतं, अशी माझी तालुक्यात ख्याती आहे, निदान मी ती करून ठेवली आहे. ती म्हणाली, "गेला..." आणि इतकी हसली, की मी आयुष्यात तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. ती बोट करून पाण्याकडं बघत होती तेव्हा आणि ती हसली तेव्हा, असे दोन फोटो मी मोबाईलवर काढले होते. दुसरा हालून धुरकट आला. पहिल्यात दोन्ही होतं, बोटही आणि ओठांवर आलेलं हसूही. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आत्याच्या दगडाशी गप्पागोष्टी.' लातूरपासून नांदेडपर्यंत सगळे पोट धरून हसले.

आणि ते तीन वर्षं हसत राहिले. लग्नात, वाढदिवसाला कुणीतरी विचारायचंच, "आत्या, दगड बरा हाय का?" तीही हसायची, "बरा हाय, तुझी चौकशी करत होता." तिनं कधी हट्ट केला नाही, की मला दिसला म्हणजे दिसला. ज्या बाईनं सातासाठी शून्य घेतलं, ती या बाबतीत गप्प बसली, आणि म्हणून आम्हा सगळ्यांना वाटलं, की तिचं तिलाच कळलंय. म्हातारपण, अधू नजर, आयुष्यभराची हौस... दिसला असेल तिला मनातल्या मनात. मीही तेच धरून चाललो.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. नांदेडला तिच्या खोलीत, खिडकीजवळ. सुनंदा आत पोहे करत होती. आत्या एकदम म्हणाली, "तुला खरंच दिसला न्हाई का रे तो?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती. मी म्हणालो, "दिसला की, आत्या. मी उगं चेष्टा केली तेव्हा."

"रंग कोणता हुता?"

"तांबडा," मी म्हणालो. चित्रात तसाच असतो.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्यापुढं मी पाचवीत जेवढा होतो तेवढाच झालो. "तांबडा असता," ती म्हणाली, "तर तुला दिसला नसता का?" मग पोहे आले. बशी माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "न्हाई दिसला तर न्हाई म्हण. सर खूश होतील म्हणून आठ लिहू नको." मी खाली मान घालून पोहे खाल्ले. लातूरला येणारी गाडी पकडली. तिला 'नाही दिसला' असं म्हणायचं राहून गेलं.

आमच्या बौद्ध घरांत माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाला भन्तेजी येतात, वंदना होते, आणि गेलेल्या माणसाचा मोठा फोटो टेबलावर ठेवतात. फोटो करायचं काम माझ्याकडं आलं. आत्याचे फोटो शोधले तर सगळ्यांत ती शाळेच्या हजेरीवर सही करताना दिसते तशी गंभीर. हसरा एकच, तो खडकावरचा. लातूरला फय्याजभाईंचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांच्या वडिलांनी आमच्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो काढले होते. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो संगणकावर घेऊन मोठा केला.

"मस्त हाय, साहेब. बाईंचा चेहरा एकदम नूरानी आलाय. ह्ये दगडं समदे उडवतो, मागं निळा पडदा टाकतो. बोट पण काढू. आन् ह्यो डाग पुसून घेतो."

"कसला डाग?"

"ह्यो बघा ना, दगडावर. काळी फाक पडली आडवी. शेळीच्या डोळ्यासारखी."

मी खुर्चीवरून उठलो. फय्याजभाईंनी आणखी मोठं केलं. बोटाच्या टोकाच्या रेषेत, शेवाळाच्या खाली, दोन शिंपल्यांच्या मध्ये दगडाला एक डोळा होता. पिवळसर, आणि त्यात आडवी काळी बाहुली. त्याच्याखाली दगडाची म्हणून मी बघितलेली घडी घडी नव्हती. तिला गोल गोल वाट्या होत्या, ओळीनं, एकाखाली एक, लहान होत गेलेल्या.

"पुसू?" फय्याजभाईंनी विचारलं.

"हात लावू नका त्याला," मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की बाहेर पासपोर्ट फोटोला बसलेलं माणूस उभं राहिलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं.  "कमाल हाय," म्हणाले. "तुम्ही मोजणीवाले ना, साहेब? आमच्या प्लॉटची मोजणी तुम्हीच केलती... ती परत करून घ्यावी म्हणतो." मी म्हणालो, घ्या. त्या वेळी कुणी मला काहीही म्हटलं असतं तरी मी मान्य केलं असतं. तीन वर्षं तो माझ्या खिशात होता. शर्टाच्या वरच्या खिशात, मोबाईलमध्ये, दिवसातून पन्नास वेळा मी तो काढून बघत होतो, म्हणजे मोबाईल. आणि ती खुर्चीत बसून विचारत होती, रंग कोणता होता. दगडाच्याच रंगाचा होता, आत्या. शेवाळासकट.

मी स्टुडिओतूनच ग्रुपवर लिहिलं, की आत्यानं बघितलेला ऑक्टोपस खरा होता, मीच आंधळा होतो, आणि सोबत मोठा केलेला तुकडा टाकला.  मग एका चुलत भावानं विचारलं, 'हात आठ आहेत का?' मी पुन्हा मोजले आणि लिहिलं, 'चार दिसतात.' त्यानं लिहिलं, 'म्हणजे बाकीचे दगडाखाली असतील. आठच असणार.' मी लिहिलं, 'मला चार दिसतात.'

फोटो आम्ही कापला नाही. त्यामुळं तो आडवा, लांबोडका झालाय, उजव्या बाजूला आत्या आणि बाकी सगळा खडक. फ्रेमवाला म्हणाला, एवढा दगड कशाला? नांदेडला तिच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीच्या वर तो लावलाय. सुनंदा रोज हार बदलते, आणि हार मधोमध घातला की बरोब्बर त्या डोळ्यावर येतो. म्हणून मी गेलो की आधी हार उजवीकडं सरकवतो. येणारे जाणारे सांगतात, "हार वाकडा झालाय हो." मी म्हणतो, असू द्या.

मागच्या रविवारी गुंडेराव आले होते. ऐंशीच्या घरात असतील, मिशा पांढऱ्या, बरोबर नातू. बातमी त्यांना उशिरा कळली. ते फोटोसमोर उभे राहिले, टोपी काढून हातात धरली. मी त्यांना काही सांगितलं नाही. सुनंदा सांगायला निघाली, तिला मी खुणेनं थांबवलं.  चहा निवला. मग त्यांनी मान डावीकडं वळवली, एक पाऊल पुढं गेले, आणि त्यांचा हात आपोआप वर झाला, शेळी उचलून धरल्यासारखा.

"ह्यो का..." ते म्हणाले. "बाई, ह्यो का त्यो?"

मी म्हणालो, "हाव. तोच. चार हात दिसतेत."

त्यांनी नाक काचेला लागेल इतकं पुढं नेलं. बोटानं हवेतच एकेक मोजला. मग माझ्याकडं वळून, देवणीच्या बाजारात जनावराचे दात मोजणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "पाच हायत."

मी चष्मा पुसून परत लावला आणि हार आणखी थोडा सरकवला. हाराच्या सावलीत, शिंपल्याच्या मागं, एक टोक वळलेलं होतं.

पाच आहेत.